अंगठ्याखालून अंगठ्यावर: ठाण्याहून माळशेज आणि नाणेघाट, दोघांनी, सायकलवर, सावकाश

मुरबाडच्या पुढे टोकावडं मागे पडलं की सह्याद्रीची भिंत समोर येते. तिच्या माथ्यावर एक कडा अंगठा वर केल्यासारखा उभा दिसतो. तो नानाचा अंगठा. त्याच्या कुशीतून नाणेघाटाची जुनी पायवाट वर चढते. आपण मात्र वैशाखरे ओलांडून डांबरी रस्त्याने माळशेजकडे निघतो, घाट चढून जुन्नरला जातो आणि चौथ्या दिवशी पलीकडच्या बाजूने येऊन त्याच अंगठ्यावर उभे राहतो. खाली बारीक दोरीसारखा जो रस्ता दिसतो, त्यावरून आपणच तीन दिवसांपूर्वी पॅडल मारत गेलेलो असतो.

नवरा आणि मी ही सफर दोनदा केली आहे. पहिल्यांदा चुकतमाकत, दुसऱ्यांदा नीट. आम्ही दोघंही पन्नाशीच्या आसपासचे, नोकरी करणारे, शर्यतीशी काही संबंध नसलेले. नवराबायको, मित्रमैत्रिणी, बहिणीबहिणी, कोणत्याही दोघांनी मिळून सायकलवर घाट करायचा मनात आणला असेल, तर तयारी कशी करावी ते इथे क्रमाने लिहिते. सहा दिवस, पाच मुक्काम. हे दिवस कमी करू नका.

आधी महिना ठरवा

पावसाळ्यातला माळशेज डोळे दिपवतो, पण सायकलसाठी तो नाही. धुकं इतकं दाट असतं की मागून येणाऱ्या ट्रकला तुम्ही दिसत नाही. कड्यावरून दगड सुटतात, धबधब्यांचं पाणी थेट रस्त्यावर पडतं आणि शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते. गर्दी आणि अपघात टाळायला प्रशासन त्या दिवसांत बऱ्याचदा बंदी आदेशही काढतं. पाऊस परतल्यावर, म्हणजे ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून डोंगर हिरवे असतात आणि पठारांवर सोनकीची पिवळी फुलं उरलेली असतात. फक्त ऑक्टोबरचं ऊन कडक, त्यामुळे रोज अकराच्या आत मोठं काम उरकावं लागतं. नोव्हेंबरचा शेवट ते जानेवारीची अखेर हा काळ सगळ्यात सुखाचा. जुन्नरला पहाटे चांगली थंडी असते, हातमोजे लागतात. मार्चनंतर जाऊ नका, कोकणपट्टीतला पहिलाच दिवस अंगातलं त्राण काढून घेतो.

निघायचं मंगळवारी किंवा बुधवारी. घाटमाथ्यावरचा मुक्काम शनिवार-रविवारी आला तर खोलीही महाग आणि रस्ताही गजबजलेला.

सायकल कशी हवी

महागडी सायकल लागत नाही, पण गिअर बरोबर लागतात. इथेच बहुतेकांचं गणित चुकतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

माळशेजचा चढ पायथ्यापासून माथ्यापर्यंत दहा-अकरा किलोमीटरचा, अंदाजे साडेपाचशे ते सहाशे मीटर उंचीचा. म्हणजे सरासरी पाच-साडेपाच टक्के. हा उभा नाही, पण लांब आहे. आता पुढच्या सगळ्यात लहान चकतीला 28 दात आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीला 34 दात धरा. 700 बाय 35 च्या चाकाचा घेर सुमारे 2.17 मीटर असतो. पॅडलच्या एका फेरीत सायकल 1.8 मीटरच्या आसपास पुढे जाते. मिनिटाला 60 फेऱ्या मारल्या तर ताशी सहा-साडेसहा किलोमीटर. हा भरभर चालणाऱ्या माणसाचा वेग आहे आणि घाटात तोच हवा. याउलट पुढे 42 आणि मागे 28 दात असतील, तर त्याच 60 फेऱ्यांत वेग ताशी पावणेबारा होतो. चढावर तो टिकवायला जवळपास दुप्पट जोर लागतो. तो लागत नाही म्हणून फेऱ्या कमी होतात, आणि फेऱ्या कमी झाल्या की सगळा भार गुडघ्यावर येतो. घाटात गुडघे जातात ते चढामुळे नाही, चुकीच्या गिअरमुळे.

तेव्हा दुकानात सायकल घेऊन जा आणि दात मोजायला लावा. मागची सगळ्यात मोठी चकती पुढच्या सगळ्यात लहान चकतीपेक्षा मोठी किंवा निदान तेवढी असायला हवी. नसेल तर मागच्या चकत्यांचा संच, म्हणजे कॅसेट, बदलून मिळतो. मात्र त्याबरोबर डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, चालेल का, तेही तिथेच विचारा.

टायर 35 ते 40 मिलिमीटर रुंद घ्या. सामान पाठीवर नको, मागच्या कॅरिअरला दोन्ही बाजूंनी लटकणाऱ्या पिशव्यांत, म्हणजे पॅनिअरमध्ये ठेवा. पाठीवरची सॅक दोन तासांत खांदे आणि मानेला धरते, घामाने पाठ सोलवटते.

सीटची उंची बघायची सोपी रीत अशी: भिंतीला धरून सीटवर बसा, टाच पॅडलवर ठेवा आणि पॅडल अगदी खाली न्या. पाय गुडघ्यात पूर्ण सरळ व्हायला हवा. मग चवडा पॅडलवर ठेवला की गुडघा आपोआप थोडा वाकतो. बायकांनी सीट स्वतःची निवडावी. बसायची हाडं पुरुषांपेक्षा साधारण थोडी रुंद असतात, सायकलसोबत आलेली अरुंद सीट दुसऱ्या दिवशीच नकोशी होते. गादी लावलेली सायकलची चड्डी घाला आणि तिच्या आत दुसरं काही घालू नका. शिवणी घासूनच जखमा होतात. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, पहिल्या सफरीत वैशाखऱ्याच्या मुक्कामी कळलं. दोन चड्ड्या ठेवा, एक धुवायची, एक घालायची.

दोन महिन्यांचा सराव, तोही दोघांनी

ठाण्यात राहून चढाची सवय करायला येऊर आहे, ही आपली श्रीमंती. उपवनवरून वर गेलं की वन विभागाची चौकी लागते, तिथून गावापर्यंत वळणावळणाचा चढ. चौकीच्या वेळा पाळा, तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. पहिले दोन आठवडे आठवड्यातून दोनदा एकच फेरी. पुढे सलग दोन, मग तीन. तीन फेऱ्या न थांबता झाल्या आणि खाली आल्यावर एकमेकांशी धाप न लागता बोलता आलं, की माळशेजला पाय पुरतील. रविवारी घोडबंदर रस्त्याने गायमुखच्या घाटापर्यंत जाऊन यावं, पण उजाडता उजाडता, नंतर तिथे कंटेनर सुरू होतात.

सहाव्या आठवड्यात पिशव्या भरून, अगदी प्रवासाइतक्या वजनाच्या, टिटवाळ्याला जाऊन या. भरलेली सायकल वेगळीच वागते. हँडल जड लागतं, ब्रेक उशिरा लागतात, थांबताना ती एका अंगाला कलते. हे आधी घरच्या रस्त्यावर कळलेलं बरं.

आता दोघांच्या वेगाबद्दल. जोडीने सायकल चालवताना खरी कुरबुर वेगावरूनच होते. एक पुढे जाऊन थांबतो, दम खातो. दुसरी धापा टाकत पोचते, तोवर पहिला ताजातवाना होऊन म्हणतो, "चल, निघू या." म्हणजे जिला विश्रांतीची जास्त गरज तिलाच ती मिळत नाही. आमच्याकडे यावर पुष्कळ बोलणं झालं, रुसवेफुगवे झाले. तोडगा शेवटी वजनात सापडला. दोघांचं मिळून सामान नऊ किलो. त्यातलं सहा-साडेसहा किलो त्याच्याकडे, बाकी माझ्याकडे. अवजारं, कुलूप, पाण्याची जास्तीची बाटली, सगळं जड त्याच्या पिशवीत. पुढच्याच रविवारी आमचा वेग सारखा झाला, आणि ते कुणाला सांगावंही लागलं नाही. तुमच्यातलं जे जोरकस आहे त्याच्या पिशवीत वजन वाढवत जा, वेग जुळेपर्यंत.

दुसरा नियम: सपाटीवर हळू चालवणारं माणूस पुढे. तिसरा: थांबल्यावर जे मागून येईल, त्याच्या पाण्यापासून पाच मिनिटं मोजायची.

पिशवीत काय

कपडे कमी घ्या. सायकलचे दोन जोड, संध्याकाळचा एक सैल जोड, एक विंडचीटर, थंडीत एक पातळ स्वेटर. हेल्मेट, हातमोजे, आणि चष्मा घालत नसलात तरी डोळ्यांत चिलटं जाऊ नयेत म्हणून साधा पारदर्शक गॉगल. पुढचा पांढरा आणि मागचा लाल दिवा, दिवसाही लुकलुकता ठेवायचा.

अवजारांच्या बाबतीत माझा हट्ट आहे आणि त्याला कारण आहे. पहिल्या सफरीत पंप, ट्यूब, पाने सगळं नवऱ्याच्या पिशवीत होतं. माळशेजच्या मधल्या वळणांवर तो दोन वळणं पुढे गेला आणि माझं मागचं चाक बसलं. त्या दिवशी अवेळी ढग उतरले होते, दहा हातांपलीकडचं दिसत नव्हतं, मोबाइलला रेंज नाही. मी सायकल कठड्याला टेकवून उभी राहिले. ट्रक अगदी जवळून जायचे, आधी आवाज यायचा आणि मग दिवे दिसायचे. चाळीस मिनिटांनी तो धुक्यातून पायी परत येताना दिसला, सायकल हाताने ढकलत, मला हाका मारत. "अगं, मला वाटलं मागेच आहेस." त्या दिवशी ठरलं: प्रत्येकाच्या पिशवीत स्वतःची एक ट्यूब, टायर रिमवरून काढायच्या दोन पट्ट्या, म्हणजे टायर लिव्हर, आणि छोटा पंप. आणि घाटात एका वळणापेक्षा जास्त अंतर पडू द्यायचं नाही. पुढचा वळणावर थांबतो, मागचा दिसला की हात वर करतो, मगच पुढे.

बाकी सामायिक सामानात पंक्चरचे पॅच, मल्टी-टूल, चेन जोडायची कडी, तेलाची छोटी बाटली, एक जोडी ब्रेक पॅड, चिंधी. आणि एक वस्तू जी शहरातले लोक हमखास विसरतात: तुमच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक, म्हणजे प्रेस्टा असेल, तर त्यावर बसणारा पितळी ॲडॅप्टर. गावातल्या पंक्चरवाल्याच्या नळीचं तोंड मोटरसायकलच्या जाड व्हॉल्व्हचं असतं. सरळगावात टपरीवरच्या काकांनी माझं चाक पाण्याच्या घमेल्यात फिरवून बुडबुडा शोधला, भोकावर बोट ठेवलं, कानसने घासून पॅच बसवला, सगळं पाच मिनिटांत. पण हवा भरायची वेळ आली आणि नळी बसेना. पिशवीच्या तळातून तो बोटभरसुद्धा नसलेला ॲडॅप्टर काढला तेव्हा काकांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "हे असलं एक मला पण आणून द्या." दुसऱ्या खेपेला नेऊन दिला. एक सांभाळा, कॉम्प्रेसरची हवा जोरात येते. 35 च्या टायरला 50 ते 60 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पुष्कळ झाले. दाब दाखवणारा काटा नसेल तर थोडी कमीच भरून घ्या आणि उरलेली आपल्या पंपाने भरा.

औषधांत ओआरएसच्या पुड्या, बँडेज, जंतुनाशक, नेहमीच्या गोळ्या. नकाशा मोबाइलमध्ये उतरवून ठेवा, घाटात आणि घाटघरकडे रेंजचा भरवसा नाही. 112 आणि 108 हे दोन नंबर दोघांनाही पाठ हवेत.

पहिला दिवस: ठाणे ते वैशाखरे

सगळ्यात कंटाळवाणा तुकडा ठाणे ते कल्याण. माजिवडा, साकेत पूल, खारेगाव, मानकोली, रांजणोली नाका, मग कोनगाव आणि दुर्गाडीचा पूल. अवजड वाहतूक, धूळ, उड्डाणपुलांखालची खडी. सायकलने जायचंच असेल तर पहाटे पाचला घर सोडा.

आम्ही दुसऱ्या खेपेला हा तुकडा टाळला. पहाटेच्या लोकलने, लगेजच्या डब्यातून टिटवाळ्याला गेलो. आदल्या दिवशी तिकीट खिडकीवर चौकशी करून सायकलचं लगेज तिकीट काढून घ्या. डब्यात सायकल दाराच्या वाटेत उभी करू नका. भाजी, मासे, डबे नेणाऱ्यांची ती रोजची जागा आहे, त्यांना विचारून कोपरा मागितला की मिळतो. टिटवाळ्याहून गोवेलीपर्यंत चार-पाच किलोमीटर, तिथे कल्याण-मुरबाड रस्ता मिळतो. इथून पुढे अहिल्यानगरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग 61, आणि माळशेज याच रस्त्यावर.

मुरबाडला नाश्ता करा. पोहे, उपमा, इडली चालेल. तर्रीदार मिसळ परतीच्या दिवसासाठी राखून ठेवा, तेलकट-तिखट पोटात घेऊन उन्हात पॅडल मारणं अवघड जातं. पाणी तासाला साधारण एक बाटली, तहान लागायची वाट न बघता, दर पंधरा मिनिटांनी दोन घोट. हँडलच्या पिशवीत खजूर, राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की. भूक लागली असं जाणवेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो.

सरळगाव, टोकावडे करत दुपारच्या आत वैशाखऱ्याच्या परिसरात पोचावं. टिटवाळ्याहून हा दिवस पन्नासेक किलोमीटरचा होतो. या भागात कृषी पर्यटनाची ठिकाणं आणि घरगुती मुक्काम मिळतात. फोन करून आधी ठरवा आणि सायकली रात्री आत ठेवता येतील का ते विचारा. संध्याकाळी अंगठ्याच्या दिशेला चालत जा. दिवस कलताना कड्यावर ऊन पडतं आणि तांबूस खडक पेटल्यासारखा दिसतो.

दुसरा दिवस: माळशेज

उजाडताना निघा. पोटात केळं आणि चहा-बिस्किटं एवढंच. मोरोशी येतं, त्याच्यामागे भैरवगडाचा सरळसोट सुळका. सावर्णे मागे पडलं की चढ लागतो. त्याआधी पाणी भरून घ्या, टायर दाबून बघा, ब्रेक तपासा.

चढ सुरू होण्याआधीच सगळ्यात हलका गिअर लावा. जोर असताना गिअर बदलला तर चेन कुरकुरते, कधी तुटतेही. पहिली वीस मिनिटं मुद्दाम सावकाश चालवा, इतकी की आपण फारच हळू चाललोय असं वाटेल. बसूनच चालवा, उभं राहून मारलेले पॅडल पाच मिनिटांची हौस भागवतात आणि पुढचा अर्धा तास वसूल करतात. हँडल हलकं धरा, खांदे सोडा. बोलता येतं का, हीच मोजपट्टी. वाक्य पूर्ण होत नसेल तर वेग जास्त आहे.

दर दीड-दोन किलोमीटरला थांबा, पण कुठे थांबायचं ते बघून. दरीकडची रुंद जागा चांगली, कड्याखालची ओली जागा वाईट. कड्यांना जिथे जाळ्या लावल्या आहेत, तिथे दगड सुटतात म्हणूनच लावल्या आहेत. आतल्या वळणावर कठड्याला चिकटू नका, ट्रक वळताना मागची चाकं आत घेतो. एकामागे एक चाला, मध्ये तीन-चार सायकलींचं अंतर ठेवा, म्हणजे मागच्याला ओलांडून पुढच्याच्या आधी शिरायला जागा राहते. अवजड गाडीचा हॉर्न आला की हातवारे करत बसू नका, सरळ रेषेत चालत राहा. चालकाला तुमची रेषा कळली की तो जागा देतो.

माकडं भरपूर आहेत. पिशवीचं तोंड बंद ठेवा, खायला काही देऊ नका.

वरच्या बाजूला एक बोगदा लागतो. आत शिरण्याआधी थांबून दोघांनी दिवे लावा, गॉगल काढा, मागे बघा. बाहेर पडलं की हवा बदललेली असते. खालच्या घामाघूम हवेतून एकदम गार वारा अंगावर येतो, तेव्हा आधी विंडचीटर घाला, मग फोटो.

आम्हाला थांबत थांबत तीन तास लागले. माथ्यावर एमटीडीसीचं, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाचं, पर्यटक निवास आहे, मुक्काम तिथे करा किंवा पुढे खुबी फाट्याकडे. दुपारी झोपा. संध्याकाळी कड्याच्या कठड्यापाशी बसून आपण चढून आलो तो रस्ता मोजत बसायला मजा येते. कठड्याच्या पलीकडे मात्र जाऊ नका, गवताखाली कड्याची धार दिसत नाही.

तिसरा दिवस: जुन्नर

हा आरामाचा दिवस. डावीकडे हरिश्चंद्रगडाचा पसारा, पिंपळगाव जोगा जलाशयाचं पाणी, मग मढ, डिंगोरे. बनकर फाट्याला महामार्ग सोडून जुन्नरकडे वळायचं. वाटेत गणेश खिंड आहे, लहानसा चढ, पण आदल्या दिवसाच्या दुखऱ्या मांड्यांना तो मोठा वाटतो. उतरून ढकलत नेली तरी काही बिघडत नाही.

जुन्नर तालुक्यात एक गोष्ट पक्की पाळा: अंधारात सायकल चालवायची नाही. उसाच्या शेतांत बिबट्यांचा वावर आहे. इथे माणिकडोहला बिबट निवारण केंद्र आहे ते उगाच नाही. सायकलवर वाकलेला माणूस उंचीने लहान दिसतो. सूर्य मावळायच्या तासभर आधी मुक्कामी पोचा, पहाटे पूर्ण उजाडल्यावरच निघा.

जुन्नरला दोन रात्री राहा. पहिल्या दुपारी अंगात जोर असेल तर शिवनेरी. 19 फेब्रुवारी 1630 ला जिथे शिवाजी महाराज जन्मले त्या गडावर पायऱ्या चढून जाताना मांड्यांचे वेगळे स्नायू कामाला लागतात, सायकलीने आखडलेले पाय मोकळे होतात.

चौथा दिवस: नाणेघाट

पिशव्या खोलीवर ठेवा. पाणी, खाणं, अवजारं आणि विंडचीटर एवढंच घ्या. जाऊन-येऊन साठ-पासष्ट किलोमीटर, रस्ता चढउताराचा. आपटाळे, चावंडचा किल्ला, पुढे घाटघर. आपटाळ्यानंतर हॉटेलं विरळ होतात, म्हणून भाकरी-चटणी बांधून न्यावी. जीवधनचा किल्ला दिसू लागला की जवळ आलो समजायचं.

नाणेघाट म्हणजे सातवाहनांचा व्यापारी मार्ग. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांवर उतरलेला माल इथून वर येऊन जुन्नर आणि पुढे पैठणला जाई. माथ्याशी दगडात कोरलेला मोठा रांजण आहे, जकातीचा रांजण म्हणून तो दाखवतात. थोडं खाली उतरलं की लेणं लागतं. त्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. केलेल्या यज्ञांची नावं आणि त्यांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण नावाची नाणी यांची मोजदाद. त्यातले अंक भारतातल्या जुन्यात जुन्या कोरीव अंकांपैकी आहेत. अक्षरांना हात लावू नका, तिथे आधीच पुष्कळांनी आपली नावं कोरून ठेवली आहेत आणि ते बघवत नाही. सायकली वर कुलूप लावून ठेवा. पायवाटेच्या दगडी पायऱ्या गुळगुळीत आहेत, सायकलचे क्लीट, म्हणजे पॅडलला अडकणारी खटकी, लावलेले बूट घालून उतरू नका, पिशवीत सपाट तळव्याची चप्पल ठेवा.

मग अंगठ्यावर जा. खाली कोकण, मुरबाडकडची शेतं, आणि त्यांतून जाणारा रस्ता. नवऱ्याने बोट दाखवून विचारलं, "आपण राहिलो ते कौलारू घर कुठलं?" आम्ही दोघांनी अर्धा तास शोधलं. दोघांना दोन वेगवेगळी घरं वाटली आणि अजून तो वाद मिटलेला नाही. वारा जोराचा असतो, काठापासून चार पावलं मागे बसूनच बघा. दुपारी दोनला परत फिरा.

पाचवा आणि सहावा दिवस: उतार आणि घर

जुन्नरहून माळशेजच्या माथ्यापर्यंत फारसा चढ नाही, पण सकाळी लवकर निघा. दुपारनंतर पश्चिमेचा वारा बहुधा समोरून येतो.

चढापेक्षा उताराची तयारी जास्त लागते. घाट उतरायला लागण्याआधी दोन्ही ब्रेक पॅड बघा, झिजलेले असतील तर तिथेच बदला. ब्रेक सतत धरून ठेवू नका, विशेषतः रिमवर लागणारे. रिम तापते, ट्यूब फुटू शकते. दाबा, सोडा, पुन्हा दाबा. दोन्ही ब्रेक वापरा, पुढचा हळूहळू दाबत जायचा. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही. वळताना आतल्या बाजूचं पॅडल वर ठेवा, नाहीतर ते जमिनीला लागतं. वाळू, ओला शेवाळी पट्टा, डिझेलचे डाग यांवर ब्रेक नको, सायकल सरळ ठेवून पार व्हा. दोघांमध्ये तीसेक मीटर अंतर हवं. बोटं बधिर होऊ लागली की थांबा, रिमला हात लावू नका, पाच मिनिटं गार होऊ द्या. बोगद्यात पुन्हा दिवे.

उतरताना मी पुढे असते आणि तो मागे. भरलेली, जड सायकल जास्त वेग घेते, ती मागून येऊन अंगावर नको.

मोरोशीत चहा, वैशाखऱ्याला मुक्काम. हा दिवस साठ-सत्तर किलोमीटरचा, पण बराचसा पाय न हलवता होतो. सहाव्या दिवशी मुरबाडला राखून ठेवलेली मिसळ खा, टिटवाळ्याहून दुपारची रिकामी लोकल पकडा. संध्याकाळच्या गर्दीत सायकल घेऊन चढायचा विचारसुद्धा नको.

घरी आल्यावर त्याच दिवशी चेन चिंधीने पुसून तेल द्या आणि स्पोक एकेक करून बोटांनी छेडा. एखादा बाकीच्यांपेक्षा ढिला वाजला तर दुकानात दाखवून घ्या. चड्ड्या उन्हात उलट्या वाळवा. आणि काका वाट बघत असतील तर पुढच्या खेपेसाठी दोन ॲडॅप्टर आणून ठेवा.